वेणूकडे वळवलेला पाट

टक् करून बशी कपावर पालथी पडली, आणि मग कुठे घरातल्यांना आपण सगळे गप्प बसलोय हे कळलं.

बशी राजाबाईने ठेवली होती. संतोष उजागरे अर्धा चहा टाकून उठला होता. माशी बसू नये म्हणून तिने तो झाकला, जसा काही तो माणूस परत येऊन उरलेला घोट घेणार होता. बाहेर त्याच्या गाडीचा आवाज चामटोलीच्या वळणापर्यंत ऐकू आला आणि विरला. तिचा मुलगा सुजित चौकटीला टेकून उभा. तिचा नवरा धर्मराज खाटेवर बसून दोन्ही तळवे मांड्यांवर घासत होता. आणि त्यांची सून शालन खाली पोत्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती, ती तशीच बांधत राहिली. ओल्या मुळांची माती तिच्या बोटांवर सुकून कातडी ताणत होती.

संतोषचं मागणं सरळ होतं. उल्हासनगरात जीन्स धुण्याच्या शेडी बंद पडल्या होत्या, त्याचीही पडली होती. त्याला आता गावाकडे जागा हवी होती. धर्मराजाच्या विहिरीलगत जी पडीक पट्टी आहे तिच्यावर तो पत्रे घालणार, विहिरीचं पाणी घेणार आणि महिन्याच्या महिन्याला भाडं देणार. जमीन तुमचीच, सातबारा तुमचाच, असं तो दोनदा म्हणाला. शिवाय सुजितला शेडीवर सुपरवायझर म्हणून घेणार. सुजित कामाला होता तो शिलाईचा कारखाना दिवाळीपासून बंद होता. तेव्हापासून तो सकाळी दाढी करायचा आणि मग कुठेच जायचा नाही.

संतोष काही परका नव्हता. अंबरनाथच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत तो पंच होता. लहानपणी धर्मराजाच्याच संडे स्कूलमध्ये शिकलेला. उठताना म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाला होता, "काका, देवानं तुम्हाला पाणी दिलं, मला धंदा दिला. आपणच आपल्या माणसाला उभं नाही करायचं तर कोण करणार?"

हे ऐकून राजाबाईचे डोळे भरले होते. शालनने ते पाहिलं होतं.

"एवढं बरं सांगून गेला," सुजित म्हणाला, "आणि तुम्ही सगळे मयताला बसल्यासारखे."

"इचार करू की," राजाबाई म्हणाली. "पोरीची शाळा व्हईल. पलीकडं बदलापुरात खोली व्हईल."

धर्मराज उठला. अंगणात जाऊन त्याने फावडं उचललं आणि संध्याकाळचं पाणी धरायला गेला.

त्या मळ्याला मळा म्हणणं हेही कौतुकच होतं. मेथी, मुळा, पालक, कडेला भोपळ्याचा वेल. धर्मराज नगरकडून आला तेव्हा माळ्याच्या नोकरीतून पोटाला चिमटा घेऊन त्याने हा तुकडा घेतला होता. खाली उतारावर वेणूचा तुकडा. वेणू इथलीच, आगरी, विधवा. तिला विहीर नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात तिने या परक्या माणसांना भोपळ्याचं बी आणि मडकंभर सुकट दिली होती, आणि धर्मराजाने शेवटचा वाफा भरल्यावर पाटाचं तोंड खाली तिच्याकडे मोडून दिलं होतं. तेव्हापासून ते तसंच चालत आलेलं. आपलं भिजलं की उरलेलं वेणूचं. यावर कधी कुणी कागद केला नाही, की कधी कुणी आभार मानले नाहीत. म्हाताऱ्याचं फावडं आपोआप तिकडे वळायचं.

शालन उल्हासनगरात वाढली होती, कॅम्पातल्या एका चाळीत. चाळीमागे नाला होता आणि त्याचा रंग रोज वेगळा असायचा. पोरं पैज लावायची, आज निळा की लाल. तिचा धाकटा भाऊ तिथल्याच एका धुलाईच्या शेडीत लागला. महिनाभरात त्याची नखं मुळापासून निळी झाली. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर घ्यायला तळवा पुढे करायचा तेव्हा तो बोटं आत दुमडून घ्यायचा, पाळकसाहेबांना दिसू नयेत म्हणून. शालन शेजारी बसलेली असायची. ती मिटलेली बोटं तिला आत्ता, जुडी बांधतानाही दिसत होती.

पण हे कुणापुढे मांडायचं? जमीन सासऱ्याची. नवरा घरी बसलेला. आणि ती स्वतः पहाटे भाजी तोडून, डोक्यावर पाटी घेऊन, रिक्षात गुडघे पोटाशी धरून बदलापूरच्या बाजारात जाणारी. नाक्यावरच्या टपरीवर सुजितला 'मेथीवाल्या बाईचा नवरा' म्हणायला लागले होते. हे तिला वेणूकडून कळलं होतं. त्याने स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

कापणीचा सण जवळ आला होता. आपापल्या घरचं जे पिकलं, शिजलं, पाळलं ते मंडळी वेदीपुढे आणून ठेवणार, उपासना झाली की त्याचा लिलाव होणार आणि पैसा मंडळीच्या कामाला जाणार. यंदा संडे स्कूलच्या पोरांचं शलमोन राजाचं नाटक होतं आणि शलमोन झाली होती ऋतिका, शालनची पोर, वर्गातली सगळ्यात मोठ्या आवाजाची. सोनेरी कागदाचा मुकुट घालून ती कोंबड्यांचा दरबार भरवायची. हात जोडून म्हणायची, "देवा, मला धन नको, वैऱ्याचा जीव नको. मला शहाणं मन दे." कोंबड्या पांगायच्या.

"आजोबा पण हेच मागतात ना?" तिने विचारलं.

खरंच होतं ते. रोज दिवेलागणीला गाणं झालं की धर्मराज डोळे मिटून तेवढंच मागायचा. बापा, आम्हाला सुबुद्धी दे, बाकीचं तुझं तू बघ. सुजित अलीकडे त्या 'आमेन'च्या आधीच उठू लागला होता.

रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर संतोषने उठून जाहीर केलं की नवी शेड उभी राहिली की मंदिराच्या स्लॅबचा खर्च तो उचलेल. आणि त्याचं श्रेय धर्मराजकाकांना, कारण जागा त्यांची. टाळ्या पडल्या. बायका राजाबाईचा हात दाबून गेल्या. पाळकसाहेबांनी धर्मराजाला विचारलं, काय काका, बरोबर ना? सगळे माना वळवून बघत होते. गळणाऱ्या पत्र्याखाली पुसट झालेला फळा होता, त्याच फळ्यावर म्हाताऱ्याने आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं. तो त्या फळ्याकडे बघत 'हो' म्हणाला. करार सणाच्या दुसऱ्या दिवशी करायचा ठरलं.

 येताना रिक्षात सुजित पोरीला मांडीवर घेऊन शीळ घालत होता. किती दिवसांनी.

दोन दिवसांनी तिसऱ्या प्रहरी पाणी तपासायला संतोषची माणसं आली तेव्हा शालन बाजारात होती. टेम्पोतून ड्रम आणला, जीन्सचा एक लॉट धुतला, ब्लीच मारलं, रंग बघितला. पाणी झकास आहे म्हणाले. शालन रिकामी पाटी काखेत घेऊन उतरली तर पाटाच्या मातीवर निळसर फेस सुकत होता आणि सासरा वेलाखाली बसून पाय चोळत होता. घोट्यापर्यंत निळे.

"विहिरीपाशी साचू दिलं नाही मी," तो म्हणाला. काम नीट केल्याचं समाधान होतं आवाजात. "आपल्या वाफ्यातही शिरू दिलं नाही. लगेच वळवलं."

"कुठं वळवलं, बाबा?"

त्याने फावड्याच्या टोकाने दाखवलं. रोजच्याच जागी, वेणूकडे, मोडलेलं होतं पाटाचं तोंड. फावडं हवेत तसंच राहिलं. मग हळूहळू खाली आलं.

 शालनने पाटी ठेवली, घमेल्याने माती आणून ते तोंड बुजवलं. बुजवण्यात आता अर्थ नव्हता, हे दोघांनाही दिसत होतं.

सकाळी वेणूची हाक आली. हाकेत राग नव्हता, त्यामुळेच शालन हातातलं काम टाकून उठली.

"शालन, जरा ये गो बगाया."

धर्मराजही निघाला. बांधावर त्याने चपला काढल्या, कुणाच्या घरात शिरावं तशा. लाल माठाचा अख्खा वाफा मान टाकून पडला होता. पानांच्या कडा कागद भाजल्यासारख्या पांढुरक्या. बाजाराला न्यायच्या बेतात आलेला माठ होता तो. वेणू उकिडवी बसून एकेक रोप उपटत होती, मुळाची माती झटकत होती आणि बाजूला ठेवत होती, जणू अजून त्याची जुडी होणार होती.

"माझ्या हातानं झालं हे," धर्मराज म्हणाला.

"तुला काय ठावं," वेणू म्हणाली. "मी बोलली, म्हातारा आठवनीनं पानी सोरतंय." मग तिने मान वर केली. "पन हे पानी आता रोज येनार काय, भाऊ?"

म्हातारा खाली बसला. त्याने एक पान बोटांत धरलं, चुरलं, नाकाशी नेलं. वेणूने दुसऱ्यांदा विचारलं नाही. शालन तिच्या शेजारी बसली आणि उपटू लागली. ऊन वर येईपर्यंत तिघं तसेच काम करत राहिले. दुपारी वाफा उघडा पडला आणि त्याखालची माती पहिल्यांदाच दिसल्यासारखी दिसली.

घरी शालनने तोंड उघडलं. सुजित जेवायला बसला होता. तिने माठाचं सांगितलं, भावाच्या नखांचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला.

"एका ड्रमचं झालं, चुकून झालं. शेड झाली की पाइप टाकतील, नाल्यात सोडतील."

"नाला वेणूताईंच्याच अंगणातून जातो."

"मग काय करू सांग ना? दाढी करून बसू इथंच? तू जुड्या विकायच्या, मी पोरीला शाळेत सोडायचं, आणि बाबांनी शहाणपण मागायचं. शहाणपणानं फी भरत नाहीत गं."

तो मोठ्याने बोलला नव्हता. मोठ्याने बोलला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. त्याच्या कानशिलाजवळ दाढीचं ब्लेड लागल्याची बारीक लाल रेघ होती. कुठेच जायचं नसताना रोज नीट केलेली दाढी. तिला त्या रेघेवर बोट ठेवावंसं वाटलं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आणि वेणूताईंना कुठं सुपरवायझर करणार?"

सुजित ताटावरून उठला. राजाबाईने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि सुनेला एवढंच म्हणाली, "बाई, शब्द देऊन झालाय. देवाच्या घरात दिलाय."

सणाच्या दिवशी अंबरनाथचं ते छोटं मंदिर मंडईसारखं भरलं होतं. वेदीपुढे उसाच्या मोळ्या, नारळ, अंड्यांच्या टोपल्या, अनारशांचे डबे, पाय बांधलेला कोंबडा. शालनने वेलावरचा सगळ्यात मोठा लाल भोपळा आणला होता, कडेवर पोर घ्यावं तसा, आणि पुढे ठेवला होता.

नाटक छान झालं. ऋतिकाने मुकुट सावरत आपलं वाक्य इतकं ठणकावून म्हटलं की मागच्या बाकावरचे डुलकी घेणारेसुद्धा जागे झाले. मग टीचरने पुढचं वाचलं: देव प्रसन्न झाला, आणि जे मागितलं नाही ते धनसुद्धा त्याने शलमोनाला दिलं. त्यासरशी चार पोरं सोनेरी कागद चिकटवलेली थर्मोकोलची ताटं घेऊन आली आणि शलमोनापुढे रचून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी संतोषने वाजवल्या, मनापासून.

लिलाव चंदू भांबळ पुकारत होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. कोंबडा उचलून म्हणाला, हा येशूला नाकारणाऱ्या पेत्राच्या वेळी आरवलेल्या कोंबड्याच्या घराण्यातला आहे, घरात कुणी खोटं बोललं की आरवतो, ज्याची हिंमत असेल त्यानं न्यावा. हशा झाला. मग भोपळा आला. कुणीतरी भोपळ्याची बोली लावली, कुणीतरी थोडी चढवली. आणि संतोषने बसल्या जागेवरून अशी बोली दिली की हशा थांबला. चंदूसुद्धा क्षणभर पुढचं बोलायला विसरला. तेवढ्यात भोपळ्यांची बैलगाडी आली असती.

संतोष उठला, भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि चालत येऊन धर्मराजाच्या मांडीवर ठेवला.

"काका, हा घरी न्या. आता आपलं एकच घर."

पुन्हा टाळ्या. धर्मराज भोपळ्याला धरून बसला. त्याच्या पायाच्या नखांत निळं अजून होतं. चपलेतून दिसत होतं. शालनला ते दिसलं आणि त्याच वेळी तिला दिसलं की म्हाताऱ्याने पायाची बोटं आत दुमडून घेतली.

ती उठली.  एवढ्या माणसांत ती कधी प्रार्थनेलाही मोठ्याने बोलली नव्हती. सासऱ्याच्या मांडीवरून तिने भोपळा घेतला, मधल्या वाटेने पुढे गेली आणि टेबलावर ठेवला.

"पुन्हा लावा," ती चंदूला म्हणाली.

यात नवं काही नव्हतं. घेतलेली वस्तू परत देवाला द्यायची आणि तिचा पुन्हा लिलाव करायचा, हे दरवर्षी चालायचं. पण संतोषने मान म्हणून दिलेली वस्तू परत टेबलावर ठेवायची म्हणजे काय, ते सगळ्यांना समजलं. चंदूने एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. एकही हात वर होईना. संतोषच्या बोलीनंतर कोण बोलणार, आणि कमी बोलून पंचाचा अपमान कोण करणार? पंखा घरघरत होता. शालन टेबलाशी एकटी उभी.  सुजितकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. राजाबाईने पदर तोंडाशी नेलेला तिला दिसला.

तिसऱ्यांदा पुकारायच्या आत धर्मराज उठला. सदऱ्याच्या वरच्या खिशातून त्याने घडी पडलेली एक नोट काढली, रिक्षासाठी ठेवलेली.

"माझी ही बोली," तो म्हणाला. "भोपळा आमच्या शेजारणीकडं जाणार आहे. तिचा माठ माझ्या हातानं जळाला." मग संतोषकडे वळून, संडे स्कूलच्या पोराशी बोलावं तसं हळू म्हणाला, "शेडीला पाणी नाही देता यायचं, बाळा."

संतोषचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. पण तो ओरडला नाही. जवळ येऊन म्हणाला, "घरी बोलावून सांगायचं होतंत, काका."

"शब्द सगळ्यांपुढं दिला होता. माघारीही सगळ्यांपुढंच घ्यायला पाहिजे."

"मला जागा मिळेल हो कुठंतरी. तुम्हाला असं कोण विचारणार?" त्याने मागे वर पत्र्याकडे पाहिलं. "आणि मंडळीला स्लॅब कोण घालून देणार?"

 पाळकसाहेबांनी घाईने शेवटचं गीत सांगितलं. गीत सुरू झालं तेव्हा सुजितची जागा रिकामी होती. बाहेर पडताना गेल्या रविवारी हात दाबणाऱ्या बायका पोरांच्या चपला शोधण्यात गुंतल्या. एकीने, मंडळीत भेटताना म्हणतात तसं, तेवढं 'सलाम' म्हटलं, तेही जमिनीकडे बघून.

रिक्षाचे पैसे बोलीत गेले होते. बदलापूरपर्यंत कुणाच्या तरी टेम्पोत मागे बसून आले, पुढे चालत. राजाबाई सगळ्यांच्या मागे. मुकुट घातलेली ऋतिका पुढे, भोपळा शालनच्या कडेवर.

वेणू अंगणात बसली होती. भोपळा बघून तिने तो बोटाच्या सांध्याने वाजवून पाहिला. "माझ्याच बियान्याचा," ती म्हणाली. "लय पिकवलास गो." धर्मराज खाली मान घालून उभा होता. तिने आत जाऊन सुरी आणली, भोपळा मधोमध चिरला आणि अर्धा शालनच्या पदरात टाकला. बिया मात्र सगळ्या स्वतःकडे ठेवल्या. "आता हे मी लावीन त्या वाफ्यात. बगू, जमीन काय बोलते."

संध्याकाळी धर्मराजाने पंप लावला. आधी पाट नुसता धुऊन काढायचा होता. ते पाणी बाजूच्या पडीक पट्टीत जिरवायचं आणि पाट स्वच्छ झाल्याशिवाय खाली थेंबही सोडायचा नाही. शालन खराट्याने पाटाचा तळ घासत होती. निळसर गाळ सुटत होता, जात होता, पुन्हा दिसत होता. साडी पोटऱ्यांपर्यंत भिजलेली.

सुजित विहिरीच्या कठड्यावर बसला होता. कधी आला ते कुणी पाहिलं नव्हतं. तो मदतीला उतरला नाही, पण उठून गेलाही नाही. दाढी सकाळचीच, सणाची. उद्या पुन्हा करेल की नाही याचा शालनला अंदाज येईना. तिच्या मनात आलं, आपण वेणूची जमीन वाचवली आणि या माणसाचं काहीतरी मोडलं. दोन्ही खरं होतं. खराटा तिने थांबवला नाही.

दिवेलागण झाली. राजाबाईने दारातून हाक मारली, तशी धर्मराजाने फावडं ठेवलं, तिथेच पाटाच्या काठावर हात जोडले आणि रोजचंच मागितलं. बापा, आम्हाला सुबुद्धी दे. पुढचं, बाकीचं तुझं तू बघ, हे आज त्याच्याने म्हणवलं नाही. त्याने आमेन म्हटलं. ऋतिकाने म्हटलं. शालनने म्हटलं.

पोरीने पाटाच्या पाण्याने भिजलेला मुकुट काढला आणि सोनेरी कागदाची सुटलेली कड थुंकी लावून चिकटवायला लागली. चिकटेना. तिने तो आईच्या हातात दिला आणि डोळे वर करून बघत राहिली. पंपाची घरघर थांबली होती. कठड्यावर सुजितनेही मान वर केली होती.

"आई," ऋतिका म्हणाली, "मी एकदाच मागितलं तर लगेच ताटं आली. आजोबा तर रोज मागतात. मग आपली ताटं का नाही येत?"